आधी रडून घ्या

आमच्या मेट्रनबाई दर रविवारी सकाळी मुलींना रांगेत उभं करून रडायला लावत. मारून नव्हे, ओरडूनही नव्हे. नाश्ता झाला, की घरच्या फोनच्या आधी मुलींना इस्त्रीच्या खोलीत पाठवायचं, आपण दाराशी टॉवेल घेऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, "चलो, रो लो, रो लो. जल्दी. फिर मुँह धोओ, फिर मम्मी." त्या खोलीत धुतलेल्या चादरींचे गठ्ठे असत. सात-आठ वर्षांच्या मुली त्यांत तोंड खुपसून आठवड्याचं रडू उरकत, नळाखाली तोंड धूत आणि शेजारच्या ऑफिसात जाऊन आईला स्वच्छ आवाजात सांगत, "मैं ठीक हूँ मम्मा. खाना बहुत अच्छा है." जेवण अजिबात चांगलं नव्हतं.

मी एकदा म्हटलं, "ताई, आईशी बोलताना तरी रडू द्या पोरींना."

"म्हणजे आई तिकडे रडणार, मग डायरेक्टरना फोन करणार, डायरेक्टर मला बोलावणार आणि माझी दुपारची झोप जाणार. त्यापेक्षा आधी रडून घ्या. आणि रडून बोललेलं कुणी ऐकत नाही, एमेबाई. लोक फक्त गप्प करतात."

दुपारच्या झोपेसाठी एवढी पद्धतशीर व्यवस्था केलेली मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

ही निवासी शाळा गाझियाबादच्या पुढे, हायवेला लागून होती. मी तिथे केअर असिस्टंट होते. म्हणजे मुलींच्या वेण्या, ताप, हरवलेले मोजे आणि घरची आठवण, एवढ्यांकडे बघायचं आणि तिथेच राहायचं. मराठीत एम.ए. करून मी भावाच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बसले होते. जाहिरातीत 'राहण्याची सोय' एवढं वाचलं आणि पुढचं वाचायला थांबले नाही. पहिल्या दिवशी मेट्रनबाईंनी माझं नाव विचारलं नाही, शिक्षण विचारलं. "मराठीत एम.ए.? अच्छा. म्हणजे बिल्कुल बेकार." तेव्हापासून मी एमेबाई झाले. माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत होतं की नाही, याची मला शंका आहे.

मुलींचीही नावं त्यांनी कधी लक्षात ठेवली नाहीत. त्या गावांवरून हाका मारत. "ए मुरादाबाद, बाल बांध! कानपुर, तेरा दूसरा मोज़ा कहाँ है?" एका गावच्या दोन मुली आल्या, तर छोटी आणि मोठी. मात्र फाटकातून लांबलचक गाडी आत शिरली आणि तीतून आई उतरली, की मेट्रनबाईंच्या चेहऱ्यावर तूप पाझरायला लागे. त्या मुलीला जवळ ओढत आणि म्हणत, "आपकी बेटी तो बिल्कुल मेरी बेटी जैसी है." हे वाक्य त्यांनी निदान चाळीस आयांना ऐकवलं असेल. गाडी फाटकाबाहेर पडली, की हळूच मला विचारत, "कुठली होती गं ही?"

त्या आया जाताना मिठाईचे डबे ठेवून जात. काजूकतली असेल तर पहिल्या दोन वड्या मेट्रनबाईंच्या. "टेस्ट करावं लागतं. खराब निघाली तर जबाबदारी कुणाची?" लाडू मात्र त्या तपासत नसत. लाडवांवर त्यांचा पूर्ण विश्वास होता, कारण ते त्यांना आवडत नसत.

आजारावर त्यांचा विश्वास नव्हता. पोट दुखतंय, नाटक. डोकं दुखतंय, नाटक. एका मुलीच्या पाठीवर पुरळ उठलं, तेव्हा त्यांनी चष्मा न लावताच निदान केलं, "मच्छर." मी म्हटलं, कांजिण्या वाटतात. "तुझ्या पुस्तकात मच्छर नसतात का?" त्या म्हणाल्या. दोन आठवडे उलटतात तोच अर्धी डॉर्मिटरी कांजिण्यांनी पडली. डायरेक्टरांपुढे उभ्या राहून या बाई काय म्हणाव्यात? "सर, ये खिड़कियाँ खुली रखती है. किताब में पढ़ा है इसने, ताज़ी हवा." गाझियाबादची ताजी हवा! डायरेक्टरांच्या केबिनमध्ये हवा शुद्ध करायचं यंत्र घुमत होतं. त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि मला समज दिली.

अशा बाईबद्दल मला आदर वाटावा, असं काही त्यांनी माझ्यासमोर कधी केलं नाही. त्या हावरट होत्या, मस्काबाज होत्या आणि दुर्बळ माणूस दिसलं की त्यांचा आवाज चढे. हे मी आज, त्यांना जाऊन वर्ष होत आलं असताना, शांतपणे लिहिते आहे.

एका गोष्टीवर मात्र त्यांचा खरा जीव होता. ती म्हणजे त्यांची खोली. दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी. पलंग, कपाट, एक खुर्ची आणि खिडकी. खिडकीला निळ्या फुलांचे पडदे होते आणि ते चार बोटं आखूड पडत. ते दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरच्या मापाचे होते. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे मेट्रनबाईंचं बालपण आणि तरुणपण त्या क्वार्टरमध्ये गेलं. "बाबा रिटायर झाले आणि क्वार्टर गेलं. आमचं सामान ट्रकमध्ये चढत होतं, तेव्हा नवे लोक जिन्यात उभे होते, अगं. त्यांच्या हातात झाडू होता." एवढं सांगून त्या पडद्याची चुणी सारखी करत. पुढे वडील गेले, धाकटा भाऊ पुण्याला नोकरीला लागला आणि या इथे आल्या. लग्न का केलं नाही, हे विचारायची माझी हिंमत नव्हती.

खोली नोकरीची होती. नोकरी सुटली की खोली सुटणार, हा नियम आम्हा सगळ्यांनाच होता. भाऊ पुण्याला बोलावत असे. मेट्रनबाई म्हणत, "त्याच्याकडे गेले तर हॉलमध्ये दिवाणावर झोपेन. येणारा-जाणारा विचारणार, ह्या कोण? मी मरेन तर माझ्या खोलीत मरेन. लिहून ठेव, एमेबाई." मी लिहून ठेवलं नाही. विसरलेही नाही.

पुढच्या थंडीत त्या अचानक स्वच्छतेच्या मागे लागल्या. जिना चढताना मधल्या वळणावर थांबत, कमरेवर हात ठेवून छताचे कोपरे न्याहाळत आणि झाडूवालीला हाक मारत, "ये जाले कौन निकालेगा? तेरा बाप?" पहिल्यांदा मला वाटलं, आता नवीन छळ सुरू झाला. मग लक्षात आलं, की जाळी कुठे नव्हतीच. त्या श्वास घेत होत्या. थंडी संपत आली तशा त्या प्रत्येक मजल्यावर दोनदा जाळी बघू लागल्या आणि सँडलमध्ये जाड मोजे घालू लागल्या. पाय सुजले होते.

"ताई, डॉक्टरला दाखवा," मी म्हटलं.

"दाखवलं की कागद होतो. कागद झाला की डायरेक्टर म्हणणार, बीमार मेट्रन कशाला पाहिजे? तू तोंड उघडून बघ. तुझी खोली माझ्या आधी जाईल, याची व्यवस्था मी करीन."

काळजी करणाऱ्या माणसाला त्या असं उत्तर देत. आणि मुलींच्या पोटदुखीला नाटक म्हणणारी ही बाई सकाळपासून रात्रीपर्यंत तब्येत असल्याचं नाटक करत होती, तेही वाईट वठत होतं.

एका दुपारी बरेलीच्या मुलीला त्या जिन्यावर बसलेल्या दिसल्या. ही बरेली तिसरीतली, घुमी पोरगी. मेट्रनबाईंच्या ओढणीचं टोक धरून ती त्यांच्या मागे-मागे फिरे, का ते देव जाणे. मी टॉवेलांचा गठ्ठा घेऊन खालून येत होते. मेट्रनबाईंचे ओठ निळसर दिसत होते.

"मैम, नर्स दीदी को बुलाऊँ?"

त्यांनी तिचं मनगट पकडलं. "कुछ नहीं हुआ. मैं नाटक कर रही थी."

बरेलीने थोडा विचार केला. "किसके लिए?" तिने विचारलं.

मेट्रनबाईंनी तिचं मनगट सोडलं आणि त्या छताचे कोपरे न्याहाळू लागल्या. 

त्या रविवारी बरेली इस्त्रीच्या खोलीत बराच वेळ रडली. एरवी ती पटकन बाहेर येई. मेट्रनबाई टॉवेल घेऊन दाराशी उभ्या होत्या. "आज इसका स्टॉक ज़्यादा है. रो ले, रो ले. पूरा खाली कर." मग तोंड धुऊन बरेली फोनपाशी आली. फोनवर बसायची पाळी माझी होती.

"मम्मा, मैं ठीक हूँ," ती म्हणाली. "मैम ठीक नहीं हैं. सीढ़ियों पर बैठ जाती हैं. होंठ नीले हो जाते हैं. आप उन्हें डॉक्टर को दिखा दो."

आवाज कुठे कापला नाही. हुंदका नाही, सुस्कारा नाही. ती रडत सांगती, तर आईने 'अच्छा बेटा, चुप हो जा' म्हणून फोन ठेवला असता. पण पोर बातम्या वाचल्यासारखं बोलली आणि आईने शब्दन् शब्द ऐकला. मग आईने डायरेक्टरना फोन केला. डॉक्टरबद्दल नव्हे, मुलींच्या सुरक्षिततेबद्दल.

पुढचं सगळं फार सभ्यपणे झालं. प्रार्थनेच्या वेळी डायरेक्टर माइकवर म्हणाले, "हम स्टाफ नहीं हैं, हम एक परिवार हैं." एप्रिलच्या उन्हात त्यांनी मेट्रनबाईंच्या खांद्यावर लोकरी शाल घातली. टाळ्या झाल्या. फोटो निघाला. कुटुंबातल्या त्या सदस्याने दुपारपर्यंत खोली मोकळी करायची होती, कारण नवीन मेट्रन आली होती. तिची बॅग जिन्याच्या वळणावर, जिथे मेट्रनबाई जाळी बघत, तिथेच ठेवली होती.

मी पडदे काढून घड्या घालत होते. मेट्रनबाई खुर्चीवर बसून होत्या.

"बरेलीने सांगितलं ना?"

मी मान हलवली.

"रडली का सांगताना?"

"नाही."

"आवाज?"

"एकदम साफ."

"शिकवलं कुणी?" असं म्हणून त्या चक्क हसल्या. मला त्यांचा इतका राग आला, की पडद्याची घडी मोडली आणि परत घालावी लागली. फाटकापाशी बरेली गळा काढून रडत होती. तिच्या डोक्यावर हात ठेवतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "अब क्यों रो रही है? फोन तो हो गया."

पुण्याला त्या गेल्या नाहीत. दिल्लीत, कमलानगरात मुलींच्या एका पीजीमध्ये मी त्यांना कॉट मिळवून दिली. दोन कॉलेजच्या मुली आणि या. खिडकी नव्हती. आभार मानायच्या ऐवजी त्यांनी तोंड वाकडं केलं, "हेच सापडलं तुला?" आठवड्यात त्या मुलींचं रोहतक आणि पाटणा झालं आणि त्यांच्या डब्यातली मिठाई तपासली जाऊ लागली. पडदे पिशवीत, कॉटखाली होते.

पावसाळ्यात त्यांना हिंदूराव हॉस्पिटलात ॲडमिट केलं. वॉर्डात गेले, की शेजारच्या पेशंटबद्दल एखादी निंदा तयार असे. एकदा त्यांच्या भावाचा फोन येऊन गेला होता आणि तो परत लावून द्यायला त्यांनी मला सांगितलं. मी नंबर काढला.

"थांब," त्या म्हणाल्या. "टॉवेल दे आधी."

टॉवेल तोंडावर घेऊन त्या रडल्या. खांदे हलत होते, आवाज नव्हता. मी वॉर्डाच्या दाराकडे बघत राहिले. मग त्यांनी डोळे पुसले, नाक पुसलं आणि हात पुढे केला. "हं. लाव आता."

"अरे बिल्कुल मजेत! नाही नाही, शाळेतच. खोली सोडून जाते कुठे? आत्ता खिडकीशी बसलेय. ही एमेबाई आहे ना, माझ्या हाताखाली. अगदीच मंद आहे, पण चालवून घेते."

चार दिवसांनी, पहाटे, त्या गेल्या. भावाला कळवायचं काम माझ्याकडे आलं. बाहेर रिजच्या जंगलातल्या झाडांवर माकडं बसली होती आणि चहावाल्याने नुकताच स्टोव्ह पेटवला होता. हातात फोन होता, पण मी तो लावला नाही. भिंतीकडे तोंड केलं, ओढणी तोंडावर घेतली आणि पूर्ण खाली होईपर्यंत रडले. त्या हावरट, खोटारड्या बाईसाठी मला एवढं रडू येईल असं वाटलं नव्हतं. नळावर तोंड धुतलं. मग नंबर लावला.

मी सांगितलं. पहाटे, हॉस्पिटलात. मग त्यांनी विचारलं, "शाळेतून आणलं तिला? तिच्या खोलीतून?"

"हो," मी म्हटलं. "खोलीतूनच."

"खिडकीला ते निळे पडदे होते का अजून? आमच्या क्वार्टरमधले?"

"होते. चार बोटं आखूड पडायचे."

माझा आवाज कुठे कापला नाही. त्यांनी विश्वास ठेवला. आणि मग तो प्रौढ माणूस तिकडे, पुण्यात, मोठ्याने रडायला लागला. काहीतरी बोलतही होता, ताई, क्वार्टर, ट्रक, असे तुटक शब्द येत होते.

मी त्यांना गप्प केलं नाही. फोन कानाशी धरून सगळं ऐकत राहिले.