नुसत्या बापाचा गर्भ

जुरेमा फाल्काओ ही गुरांची डॉक्टर. उबेराबा शहरात बीजांडावर चालणारा तिच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही, असं सगळे म्हणत आणि तिलाही ते मनोमन पटलेलं होतं. कत्तलखान्यातून कोमट मिठाच्या पाण्याच्या थर्मासात गाईंची अंडाशयं आली, की त्यातली बीजांडं ती तांदूळ निवडावेत तशी वेचून काढी आणि काचेच्या डिशमध्ये वळूच्या वीर्यानं फळवून त्यांचे गर्भ तयार करी. गीर आणि नेलोर गाई पाळणारे मोठमोठे जमीनदार फोनवर विचारत, "दोना जुरेमाच्या हातचा गर्भ आहे ना? मग चालेल." तिकडे बाईंना आदरानं दोना म्हणतात.

ती पन्नाशीला आली आणि दक्षिणेकडून लिडियाने प्रयोगशाळेत आली. वीस वर्षांनी लहान, तीही गुरांचीच डॉक्टर. मोठ्यानं हसायची, चीजचे गरम गोल पाव घरून भाजून आणायची. पंधरा दिवसांत कॉफीच्या वेळचा घोळका जुरेमाच्या टेबलावरून उठून तिच्या टेबलाशी गेला. जुरेमानं कॉफीत साखर घालणं सोडलं, वजनाचं कारण सांगून.

त्या वर्षी प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर ओताविओ यांनी नवं काम काढलं. एकाच पालकाचे गर्भ करायचे, काही नुसत्या आईचे, काही नुसत्या बापाचे, आणि ते कुठवर वाढतात ते पाहायचं. जुरेमाचा नवरा वाल्दो ट्रकचे ब्रेक दुरुस्त करायचा. जेवताना त्यानं विचारलं,

"म्हणजे वळूशिवाय वासरू?"

"वासरू होत नाही रे, तेच तर बघायचंय. काही जनुकं आईकडून आली तर झोपलेली असतात, बापाकडून आली तरच जागी होतात. काहींचं उलट. आईचंच सगळं दोनदा घातलं, तर बापाकडून आल्यावरच जागी होणारी सगळी झोपलेलीच राहतात."

"आपल्या घरासारखं," वाल्दो म्हणाला. "मी झोपलेला, तू जागी."

"तू झोपलेलाच बरा."

नुसत्या बापाचं काम अवघड. बीजांडातलं आईचं केंद्रक सुईनं ओढून घ्यायचं आणि मग आत वळूचंच काय ते ठेवायचं. डॉक्टरांनी ते जुरेमाला दिलं. नुसत्या आईचं काम लिडियानेला. तिचे गर्भ टरारून वाढले, गोल, टपोरे. गाईच्या पोटात ठेवल्यावर ते काही आठवड्यांत विरून गेले, पण तसं होणार हे ठाऊकच होतं. डिशमध्ये मात्र ते मोत्यांसारखे दिसत. जुरेमाचे गर्भ चार-आठ पेशींवर थांबत आणि काळे पडत. बापाचे गर्भ असेच थांबतात हे तिनंच कितीजणांना शिकवलं होतं, तरी लिडियानेच्या डिशभोवती सगळे वाकले, की ती मुद्दाम पाठ फिरवून बसायची.

पावसाळा सरला तरी जुरेमाच्या हाताला यश नाही. एके दिवशी डॉक्टर ओताविओ म्हणाले, "लिडियाने, तूही जरा बापाचे करून बघ. दोन हात बरे."

"हो, बघते की! दोना जुरेमा, तुम्ही शिकवा हं मला."

"शिकवते," जुरेमा म्हणाली. ओठ हसले, डोळे नाही.

दुसऱ्याच खेपेला लिडियानेच्या डिशमध्ये एक गर्भ पुरता वाढला. आत पोकळी, कडेला पेशींचा गोळा, सगळं जागच्या जागी. प्रयोगशाळेत टाळ्या. डॉक्टरांनी तिला मिठी मारली. जुरेमाला आपल्या छातीत कुणी निखारा ठेवलाय असं वाटलं. ती मायक्रोस्कोपला डोळा लावून बसली ती उठेचना. ज्यात खोट सापडावी असं मनापासून वाटतं, त्याकडे माणूस जितकं निरखून बघतो, तितकं तिनं त्या गर्भाकडे पाहिलं.

"फारच चांगला आहे," ती शेवटी म्हणाली.

"आभारी आहे, दोना जुरेमा!"

"कौतुक नाही करत. साध्या, आईबाप दोघं असलेल्या गर्भासारखा वाढलाय हा. केंद्रक निघालंच नसेल तुझ्याकडून. डॉक्टर, तपासायला पाठवा."

कुणीतरी पुटपुटलं, "पोटात दुखतंय हिच्या." जुरेमाला ते ऐकू आलं. खरंच होतं ते, तरी तिनं तपासणीचा कागद भरायला घेतला.

तपासणीत वळूच्या जनुकांच्या खुणांबरोबर आईच्याही निघाल्या. साधाच गर्भ होता तो. डॉक्टरांनी निकाल वाचला तेव्हा लिडियानेचा चेहरा पडला. त्या संध्याकाळी जुरेमानं स्वैपाकघरात गुणगुणत घेवडा फोडणीला टाकला.

"आज काय विशेष?" वाल्दोनं विचारलं. "कुणाचं वाईट झालं?"

तिनं कढईखालचा गॅस बंद केला. त्या रात्री जेवण तिला गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी लिडियानेनं स्टूल ओढत आणून तिच्याशेजारी ठेवलं. जुरेमानं भांडणाची तयारी केली.

"यापुढे माझी डिश तुम्हीच बघा," लिडियाने म्हणाली. "बाकीचे मला बरं वाटावं म्हणून बघतात. तुम्ही मला खोटं पाडायला बघता. मला तेच हवंय."

"तुला राग नाही आला?"

"आला ना! रात्रभर तुम्हाला शिव्या घातल्या. सकाळी संपल्या."

जुरेमानं आपलं स्टूल जरा सरकवलं. "बस," एवढंच म्हणाली.

वर्षभर दोघी शेजारी बसल्या. लिडियानेनं केंद्रक काढलेलं प्रत्येक बीजांड जुरेमा रंग घालून निळ्या उजेडात तपासायची, आत केंद्रक उरलंय का ते बघायची आणि शंका आली की निर्दयपणे बाजूला काढायची. कितीतरी वाया गेली. अखेर लिडियानेच्याच हातून एक गर्भ शेवटच्या टप्प्याला पोचला. बारीकसा, जरा वाकडा. त्यात आईची एकही खूण नव्हती.

शोधनिबंध छापून आला, त्यात आधी लिडियानेचं नाव आणि मग जुरेमाचं. राजधानीतल्या सभेत लिडियानेनं व्यासपीठावरून सांगितलं, "दोना जुरेमानं माझ्यावर विश्वास ठेवला नाही, म्हणून हे काम खरं ठरलं." सभागृह हसलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जुरेमानंही वाजवल्या, पण जरा उशिरानं. तो निखारा होताच जागेवर. तो विझणार नाही हे तिला आता कळलं होतं. परतीच्या बसमध्ये लिडियाने तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. जुरेमानं खांदा हलवला नाही. "पोरगी चांगली आहे," घरी पोचल्यावर ती वाल्दोला म्हणाली, "पण हात माझाच सरस."