दोन गाठींचं टोक

अहेरीला आम्ही राहत होतो त्या दिवसांत नद्या चढल्या की चांद्याला जाणारी मोटर बंद व्हायची, ती दिवाळीच्या सुमारास पुन्हा सुरू व्हायची. मधल्या काळात आत असलेला माणूस आतच. म्हणून उन्हाळा संपायच्या आधी घरोघर बेगमी चालायची. मीठ, तूरडाळ, दिव्यासाठी मातीचं तेल, काड्यापेट्या. मीठ मडक्यात भरून चुलीवरच्या शिंक्यात टांगायचं, नाहीतर ओलीनं त्याचं पाणी होतं.

त्या वर्षी मी मीठ भरलं नाही. ठरवून भरलं नाही. पावसाळ्याआधी आम्ही तिथून निघणार होतो.

नवरा शाळेत गणित शिकवायचा आणि उरलेल्या वेळात प्रबंध लिहायचा. प्रबंध नागपूरला पोचला की तिथल्या कॉलेजात त्याला नोकरी मिळणार होती. त्याच्या गुरुजींनी जागा धरून ठेवली होती, पण पावसाळ्यापुढे धरता येणार नाही असंही सांगितलं होतं. मला कॉलेजाचं काही नव्हतं. मला रस्ता हवा होता. मागच्या पावसाळ्यात वडशाला माझी आई वारली. मला कळलं तेव्हा तेरवीसुद्धा जुनी झाली होती. मी रडले नाही. ज्यांच्या गळ्यात पडून रडायचं ते रडून मोकळे झाले होते. पण आणखी एक पावसाळा इथे काढायचा नाही, एवढं मी पक्कं केलं.

मी चौथीपर्यंत शिकलेली. पण गावात त्याचं ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तो मला सांगायचा. सपरीत, घरापुढच्या पडवीत, कपडे वाळत घालायची दोरी होती, ती बोटानं छेडून दाखवायचा. दोन्ही टोकांना खिळ्यांना बांधलेली दोरी मनाला येईल तशी हलत नाही. तिचे ठरलेले आकार असतात. एक फुगवटा, मग दोन, मग तीन. त्यांना तो आयगेन म्हणायचा. परदेशातला शब्द, अर्थ ‘स्वतःचा’. आता दोरीला कुठलाही वेडावाकडा आकार द्यायचा असेल, तर हे स्वतःचे आकार कमीजास्त मापानं एकावर एक घालत जायचे. घालत गेलं की हवा तो आकार जवळ येतो. तो खरंच येतो का, कुठे येतो, कुठे येत नाही, हा त्याचा विषय. येतो त्याला तो अभिसरण म्हणायचा, बिघडतं त्याला अपसरण. मी म्हणायची जुळलं आणि उधळलं.

"दोरीचे स्वतःचे आकार म्हन्ता," मी एकदा म्हटलं, "पन ते तं खिळे ठरवून राह्यले."

"हाव. खिळे आन् गाठी," तो म्हणाला.

गाठींवरच सगळा प्रबंध होता. साध्या दोरीचं काम लोकांनी कधीच करून ठेवलंय, असं तो सांगायचा. त्याची दोरी कागदावरची, जास्त अवघड नियमाची. तिला तीन गाठी, म्हणजे टोकांवरच्या तीन अटी, लागायच्या, एका टोकाला दोन आणि दुसऱ्या टोकाला एक. तरीही या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं जुळतं, असं त्यानं लिहिलं होतं.

शेजारी जंगलखात्यातल्या नाकेदाराची बायको राहायची. वयानं माझ्याहून मोठी. तिचं लक्ष माझ्या रिकाम्या शिंक्याकडे गेलं.

"काऊन वो मास्तरीन, मीठ भरून नाई राह्यली?"

"आम्ही नागपूरले चाललो, बाई."

"कसे? मास्तर तुले दोरीवरून घिऊन जाते का?"

"मोटरीनं जातो."

"जाय मा, जाय. पानी काही तुया मास्तरले इचारून येत नाई."

शेवटची मोटर जायला थोडे दिवस उरले होते. पेटी बांधून झाली होती. दुपारी जेवायला हाक मारली तर तो येईना. सपरीत जाऊन पाहिलं. कागद मांडीवर, दोरीवरच्या धोतराचं पाणी पाठीवर ठिबकत होतं आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

"उधळलं," तो म्हणाला. माझाच शब्द वापरला.

दोन गाठींच्या टोकाजवळ हिशेब सोपा पडायचा, म्हणून आजवर तो तिथेच पडताळा घ्यायचा. तिथे जुळायचं. त्या दिवशी प्रबंधात एक शेवटचं उदाहरण घालावं म्हणून त्यानं दुसऱ्या टोकाजवळचा आकडा घेतला. तिथे बेरजेतला पुढचा तुकडा मागच्याहून लहान व्हायला हवा होता, तो मोठा होत होता. त्यापुढचा त्याहून मोठा. साध्या दोरीचे आकार कितीही घेतले तरी त्यांची उंची हाताबाहेर जात नाही. आपल्या दोरीचंही तसंच असणार, असं त्यानं धरून ठेवलं होतं. ती दोरी एका गाठीच्या टोकाकडे फुगत जाणारी निघाली.

"जेवढं जुळते तेवढंच पाठवा," मी म्हटलं.

"कुठवर जुळते ते मले माहीतच नाई."

"मंग हाय तसं पाठवा. त्या टोकाले कोन पाहून राह्यलं?"

"मी पाह्यलं ना आता."

"नागपूरले जाऊन दुरुस्त करा."

तो हात धुवून जेवायला बसला. मी वाढलं. त्याच्या खरेपणाचं मला कौतुक वाटलं नाही, आजही वाटत नाही. माझ्या डोळ्यांपुढे मोटर होती.

मोटर गेली. पेटी दाराशीच होती. ती सोड असं तो म्हणाला नाही, आणि मीही ती सोडली नाही. बरेच दिवस आम्ही तिला वळसा घालून आत-बाहेर करत होतो.

पाऊस लागल्यावर नाकेदाराची बायको पदराखाली मिठाचं मडकं घेऊन आली.

"घे. मास्तरची दोरी तुटली वाट्टे."

"तुटली नाई. उधळली."

"एकच झालं मा. मीठ तं नाईच ना घरात?"

मीठ तिनं दिलं, मातीचं तेल तिच्याकडेही जेमतेम होतं. त्यामुळे त्याला दिवसाउजेडीच लिहावं लागायचं. सपरीत तो खाली, वर न वाळणारे कपडे, आणि आत मी. नदीपलीकडे जायचं नाही, बाजार नाही, पाहुणा नाही. तो सांगायचा ते मी ऐकणं सोडून दिलं होतं. एकदाच विचारलं, कारण एवढं कशापायी चाललंय ते मला कळायला हवं होतं.

"सापडलं का? कुठवर जुळते?"

"दोन गाठीच्या टोकापासून निघालं आन् एखाद्या जागी जुळलं, तं त्याच्या अलीकडं सगळीकडं जुळते. त्याच्या पलीकडं भरवसा नाई. बहुतेक आकार तं उधळतातच."

"म्हंजे गाठीकडं परत येनाऱ्याचं ठीक हाय."

तो खूप हसला. मी हसले नाही.

तेच त्यानं लिहिलं, काय उधळतं आणि का. दिवाळीला पहिली मोटर आली तेव्हा गुरुजींचा निरोप आला, जागा दुसऱ्याला दिली म्हणून. मग मी पेटी सोडली.

प्रबंध पुढच्या उन्हाळ्यात गेला. ज्या मोटरीनं तो जायचा होता, त्याच मोटरीनं चांद्याहून आमचं मीठ आलं होतं. ते उतरवल्याशिवाय प्रबंधाचा गठ्ठा ठेवायला जागा होत नव्हती. नवरा गठ्ठा छातीशी धरून उभा राहिला. मीठ मी उतरवलं.