बिल्ला नंबर ११२

हे सांगायचं मी कितीतरी वर्षं टाळलं. भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही. मी गावच्या शेतकी सोसायटीचा सेक्रेटरी, कागदावर असेल तेवढंच खरं मानणारा माणूस. पण यातला कागद मीच खोटा केला होता... मग सांगणार कुणाला?

आमचं गाव केज तालुक्यात, युसूफ वडगावच्या अलीकडे. एका दुष्काळात सोसायटीनं माळावर चारा छावणी चालवली. प्रत्येक जनावराच्या कानात नंबरचा बिल्ला, रोज सकाळी एक फोटो. फोटो मीच काढायचो. कॉम्प्युटरवर प्रत्येक बिल्ल्याचं वेगळं फोल्डर होतं, आणि संध्याकाळी सगळ्याचा बॅकअप एका हार्ड डिस्कवर जायचा. तपासणीला येणारे साहेब तीच डिस्क मागायचे.

११२ नंबर सरूबाईच्या हरणीचा. सरूबाई एकटी बाई, दावणीला ही एकच गाय. "हरणे, सायबाकडं बघ की," असं ती रोज गाईला सांगायची आणि स्वतः गाईकडेच बघत राहायची.

एकदा उसाच्या वाढ्याची, म्हणजे शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याची, गाडी आली. खालचं वाढं बुरसलेलं होतं. वास मला आला होता... पण दोन दिवस चारा नव्हता, जनावरं हंबरत होती. मी उतरवून घेतलं. तिसऱ्या दिवशी हरणी मेली. माळाच्या कडेला पुरली.

चेअरमन मला म्हणाले, "छावणीत जनावर मेलं म्हणलं की चौकशी लागती. आलंच न्हवतं म्हणलं की मिटलं. वाढं कुणी उतरून घेतलं, तात्या?"

छावणीच्या यादीतली हरणीची ओळ मी त्याच संध्याकाळी काढली. फोटो पुसायला मात्र मन धजेना. मग आडमार्ग काढला. बॅकअपच्या प्रोग्रामात दोन याद्या असतात — काय घ्यायचं आणि काय वगळायचं. एकच नाव दोन्हीकडे असलं तर वगळण्याचा नियम चालतो. मी वगळायच्या यादीत ११२ टाकलं, डिस्क कोरी केली आणि नवा बॅकअप घेतला. मनाची समजूत घातली — आपण काही पुसलं नाही, फक्त सोबत नेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरूबाईला तोंड दाखवायचं टाळून पालीला बहिणीकडे गेलो. दिवसभर तिथेच होतो. कॅमेरा ऑफिसच्या कपाटात, किल्ली माझ्या खिशात; त्या दिवशी कुठल्याच जनावराचा फोटो निघाला नाही.

तपासणीला साहेब आले तेव्हा सरूबाई पुढं झाली. डिस्क बघितली, ११२ नव्हतं.

"मला काय नगं, सायेब. माझी हरणी हितं हुती, एवढं लिहून द्या. गाव मला लबाड म्हणतंय." मग माझ्याकडे वळली. "सेक्रेटरी, तुमी तरी सांगा की."

मी रजिस्टर चाळत राहिलो. मागून कुणीतरी म्हणालं, "लई गुणाची गाय व्हती बे, कुणाला दिसतच न्हवती." लोक हसले; छावणी बंद पडली तर त्यांचीच जनावरं उपाशी मरणार होती.

आठवड्यानं व्होल्टेज वाढून कॉम्प्युटर जळाला. नवीन आणला, त्याच डिस्कवरून सगळं परत घेतलं. फोल्डरांच्या रांगेत १११ नंतर ११२ होतं.

जुन्या फोल्डरात वीसेक फोटो होते. यात एकच. हरणी तिच्या खुंट्याला उभी, कान टवकारलेले. कोपऱ्यातली तारीख तिला पुरल्याच्या दुसऱ्या दिवसाची — मी पालीला होतो त्या दिवसाची. आणि गाईच्या पायाशी फोटो काढणाऱ्याची सावली. डोक्यावर टोपी, वर धरलेले दोन्ही हात, डावा खांदा पडलेला. लहानपणी बैलगाडीवरून पडलो तेव्हापासून माझा खांदा तसाच आहे.

कॅमेऱ्याचं घड्याळ तपासलं, बरोबर होतं. केजच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला डिस्कवरून परत आलेला वगळायचा नियम दाखवला. तो म्हणाला, "काका, बरोबर लावलाय. हे फोल्डर डिस्कवर जाणारच न्हाई."

"आणि गेलं तर?"

"कावून जाईल?"



तो फोटो मी छापून घेतला, पाकिटात घातला आणि सरूबाईच्या घरी गेलो. दारातच म्हणाली, "सेक्रेटरी, उन्हाचं आलाव. आदी पानी घ्या." टँकर चार दिवसांनी यायचा. तिनं तांब्या भरून दिला. मी सगळा प्यालो.

"कावून आलतात?"

"सहज," म्हणालो आणि उठलो.

पाकीट घेऊन त्यानंतर तीनदा गेलो. तीनदा पाणी पिऊन परत आलो. गेल्या उन्हाळ्यात सरूबाई वारली. गावात शेवटपर्यंत तिला लबाडच म्हणायचे.

पाकीट माझ्याकडेच आहे. फोटोच्या मागं लिहिलेलं इथं उतरवतो.

सरूबाई, हरणी छावणीत होती. बुरसलेलं वाढं मी उतरवून घेतलं. तुमचं बोलणं खरं होतं, आणि ते मला ठाऊक होतं. मला माफ करा.