माझी लस, ताईची सोयरीक

आता स्वतःच्या तोंडानं सांगायचं म्हणजे… पण सांगतोच, कारण आमच्या समुद्रपुरात बाकी सगळ्यांना माहीत आहे!

कॉलेज सोडलं तेव्हा बाबा म्हणाले, "कोणाच्याच कामाचा नाई तू." पेटलो मी. शहरात एचआयव्हीची लस शोधणं चालू होतं, ती टोचून पाहायला निरोगी माणसं हवी होती. दिलं नाव! तिथल्या लस-केंद्रातल्या मॅडम तासभर समजावत होत्या. मी मनात बाबांशी भांडत होतो. "समजलं?" "सगळं!" पानापानावर सह्या ठोकल्या.

डोस झाले, अन् ताईची सोयरीक जुळली. पोरगा तिच्या पसंतीचा. पण त्याचे वडील गुणवंतराव आमच्या घरी येऊन पत्रिका पसरून बसले. बाबाही माना डोलवायला लागले. फिरलंच माझं डोकं.

"ग्रह काय पाह्यता? रक्त तपासा! एचआयव्हीची टेस्ट करा दोघांची!"

"पाव्हण्यांसमोर काय बकून राह्यला बे?" बाबा ओरडले.

"भेता काऊन? पयले माह्यी करा!"

अन् सगळी वरात बसस्टँडजवळच्या लॅबमध्ये. थोड्या वेळानं लॅबवाल्यानं मला खुणावलं. "दादा, आत ये जरा."

"इथंच सांग! लपवाचं काई नाई माह्याजवळ!" कागद हिसकावला अन् मीच मोठ्यानं वाचला, "रिअ‍ॅक्टिव्ह." म्हणजे पॉझिटिव्ह!

बाबा भिंतीला टेकले. ताईनं ओढणी तोंडात कोंबली. गुणवंतराव चपला शोधायला लागले. लसीनंच रोग दिला की काय? केंद्राचा नंबर काढायला गेलो, तर पाकीटच हातातून सुटलं. केंद्रानं दिलेलं, मी कधीच न वाचलेलं कार्ड गुणवंतरावांच्या पायाशी पडलं. त्यांनी सावकाश चष्मा लावला.

"लस घेतल्यावर… साधी टेस्ट… पॉझिटिव्ह दिसू शकते. म्हणजे आजार नव्हे. बाहेर टेस्ट करू नका. आम्हाला फोन करा."

लावला फोन. मॅडम थंडपणे म्हणाल्या, "लसीत विषाणू नसतोच. लसीमुळे शरीर जी प्रतिपिंडं तयार करतं, तीच ही टेस्ट पकडते. इकडे या, आपण थेट विषाणूच शोधू. पहिल्या दिवशी सांगितलं होतं ना?"

पकडली शहराची बस!

केंद्रात तपासलं, विषाणू नव्हता. ताईचा जीव भांड्यात पडला. गुणवंतरावांनी पत्रिकेची गुंडाळी केली, साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला होकार दिला. फक्त एक अट घातली, तीही माझ्यासमोर, बाबांना:

"लग्नात कोणताच कागद ह्याच्या हाती देऊ नका. जो वाचाचा तो हा वाचत नाई, अन् जो नाई वाचाचा तो बोंबलून वाचते!"