अर्धं तसंच राहू द्या

"अर्धं तसंच राहू द्या," असं म्हणताना ते उजव्या हाताचा तळवा उभा धरून हवेत एक रेघ मारत. समोर जे काही असेल, भिंत असो, वाफा असो की माणसाचं डोकं, त्या रेघेनं त्याचे दोन भाग होत. एका भागावर काय तो उपाय करा, दुसऱ्याला हात लावू नका, आणि मग दोन्हींकडे बघा. एवढंच त्यांचं शास्त्र. शिरूरच्या आमच्या कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवत आणि मी अर्थशास्त्र. नव्वदच्या दशकात आम्ही दोघंही दौंडला राहत होतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ एकाच एसटीत. अशा माणसाच्या शेजारी रोज बसून आपली काय गत होते, याची कल्पना तुम्ही करू शकाल.

त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. सगळे त्यांना सर म्हणत, मीही म्हणायचो.

एकदा सायकल स्टँडचे पत्रे रंगवायला काढले, तेव्हा सरांनी रंगाऱ्याला गाठून निम्मे पत्रे कोरे ठेवायला लावले. रंगानं गंज थांबतो हे कशावरून, हा त्यांचा प्रश्न. प्राचार्यांचा प्रश्न वेगळा होता. कॉलेजात पाहुणे आले की आधी ते अर्धवट छप्परच दिसायचं. पुढच्या वर्षी आम्ही बघायला गेलो, तर दोन्ही बाजू सारख्याच गंजलेल्या. सर बेहद्द खूश! बऱ्याच चौकशीअंती एवढं निष्पन्न झालं की रंगात रंग कमी आणि रॉकेल जास्त होतं. ठेकेदार तोवर दुसऱ्या गावची शाळा रंगवत होता.

गुडघे दुखायला लागले तेव्हा ते फक्त डाव्या गुडघ्याला तेल चोळत. उजवा तुलनेसाठी. यावर वहिनी म्हणाल्या होत्या, "लग्न तेवढं यांनी पुरतं केलं. तेही माझे वडील समोर उभे होते म्हणून."

माझ्या विषयालाही त्यांनी सोडलं नाही. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात दोघी जावा शेजारी शेजारी मेथी घेऊन बसत. माल एकाच वाफ्यातला, भाव एकच. सरांनी धाकटीला भाव थोडा उतरवायला सांगितला आणि थोरलीला होता तोच ठेवायला. गिऱ्हाईक धाकटीकडे वळणार, असं माझी पुस्तकं सांगत होती. बायका येत, स्वस्तातली जुडी उचलत, उलटसुलट करून बघत आणि थोरलीकडून घेऊन जात.

"सस्तात देती म्हंजी काय तरी खोट आसंल, आसं वाटतंय त्यास्नी," धाकटी वैतागली. "सर, मला इकू द्या आता. परीक्षा पुन्हा कवातरी घ्या."

परतताना सर अख्खा रस्ता हसत होते. मला काही हसू येईना. दुसऱ्या दिवशी वर्गात मला नेमका तोच धडा शिकवायचा होता.

आभाळापुढे मात्र ते हात टेकत. एका दुष्काळात ढगांवर विमानातून मीठ फवारणार अशी चर्चा होती, तेव्हा शिरूरच्या स्टँडवर ते मान वर करून उभे. "पाऊस पडला तर विमानाचं नाव होणार. पण विमान गेलंच नसतं तर? तेच आभाळ आपल्याला परत कुठून मिळणार?" हे इतक्या कळकळीनं सांगत होते की आमची गाडी डोळ्यांदेखत निघून गेली. मी चिडलो. त्यांनी मला भजी खायला घातली आणि खातानाही वरच बघत राहिले.

आता मामांबद्दल सांगायला हवं. न्हावऱ्याच्या रस्त्यावर एका वस्तीपाशी आमची गाडी थांबायची. तिथल्या मामांचं घराणं मेंढरांमागे हिंडणारं. त्यांच्या वडिलांनी, सगळी वस्ती त्यांना आबा म्हणे, पाटाचं पाणी आल्यावर शेती धरली. पण दारात मेंढरं होतीच. सरांची आणि मामांची ओळख कांद्यावरून झाली. साठवणीच्या चाळीत कांदा सडू नये म्हणून मामा दरसाल कसलीशी पावडर मारत. सरांनी हवेत रेघ मारली. निम्म्या चाळीत पावडर पडली, निम्मी तशीच राहिली, आणि कांदा दोन्हीकडे सारखाच सडला. मामांनी पावडर बंद केली. त्या दिवसापासून मामांना नाद लागला. गाडी थांबली की खिडकीपाशी येऊन ते काहीतरी विचारत आणि कंडक्टरनं घंटी मारली तरी सरांचं उत्तर संपत नसे.

त्याच मामांच्या घरात एक भांडण दरवर्षी पेटायचं. पावसाळ्याच्या तोंडाशी मेंढरांना आंत्रविषाराची लस टोचतात. कोवळं गवत पोटात गेलं की उभं मेंढरू तडकाफडकी मरतं, असा हा रोग. मामांना लस टोचून घ्यायची होती. आबांना सुई मंजूर नव्हती. बिरोबाचा भंडारा कळपावर उधळला की झालं, त्यांनी जन्मभर तेच केलं होतं. एका वर्षी मामांनी कुणालाही न विचारता तोड काढली. निम्मी मेंढरं दवाखान्यात नेऊन टोचून आणली, त्यांच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढला. उरलेल्या निम्म्यांवर आबांनी भंडारा उधळला. सरांना यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

श्रावणात एका सकाळी गाडी वस्तीपाशी थांबली, तर मामा खिडकीशी आले नाहीत. सरांनी बाहेर पाहिलं आणि घाईनं खाली उतरले, मागोमाग मी. बांधाच्या कडेला मेंढरं ओळीनं आडवी पडलेली. एकाच्याही पाठीवर गेरू नव्हता. आबा एका मेलेल्या मेंढीच्या मानेवर हात ठेवून आमच्याकडे पाठ करून बसले होते.

"गेरूची एकबी न्हाई गेली," मामा म्हणाले.

सर मामांपाशी गेले. "मामा, हे माझ्यामुळं झालं."

"तुमी कुठं सांगितलं व्हतं? घरात रोजचा वाद. म्या म्हनलं, एकदाचं बघूच." मामा मेंढरांकडे बघत होते. "बघितलं."

"जीव असेल तिथं असं नाही बघायचं, मामा. ज्याचा उपयोग माहीत आहे ते औषध काढून घेऊन तर नाहीच नाही."

"ह्ये आधी सांगाया पायजे व्हतं," मामा म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

त्यानंतर सरांनी प्रश्न विचारणंच सोडलं. वर्गात पुस्तकातलं शिकवत, घंटा झाली की थांबत. तेल दोन्ही गुडघ्यांना लावू लागले. गाडीत मांडीवरच्या पिशवीकडे बघत बसत, आणि वस्तीचा थांबा जवळ आला की डोळे मिटून घेत. मामाही खिडकीशी येईनासे झाले. मी इतकी वर्षं या माणसाच्या कटकटीला वैतागलो होतो; आता ती गप्प खिडकी मला सहन होईना. मी मुद्दाम काहीबाही विचारायचो. इतका धूर कुठल्या कारखान्याचा, रांजणगावच्या शिफ्टवाल्या पोरांना पित्ताचा त्रास का होतो, चाकाला चिखल का चिकटतो. "असेल काहीतरी," सर म्हणत.

दिवाळी झाल्यावर एक दिवस मामा आमच्या स्टाफरूमच्या दारात उभे. मार्केट यार्डात कांदा टाकून आले होते. चपला बाहेर काढून आत आले आणि सरांच्या टेबलासमोर तसेच उभे राहिले. सर उठले.

"सर, एक गोष्ट ऱ्हायली," मामा म्हणाले. "बिगर टोचलेली समदी न्हाई मेली. काई जगली. आन् जगली ती कंची, तर मरतुकडी. लंगडी व्हती ती, म्हातारी व्हती ती. धष्टपुष्ट तेवढी गेली. रोग आला तर आधी मरतुकडं मरायला पायजे का न्हाई? मग ह्ये उलटं कसं?"

सर टेबलाला वळसा घालून त्यांच्यापुढे आले. "नक्की धष्टपुष्टच?" त्यांनी विचारलं.

"म्या पुरलीत त्यास्नी, सर."

सरांनी खुर्चीवरची पिशवी उचलली. पुढचा तास आहे याची मी आठवण करून दिली. ते ऐकायला सर खोलीत नव्हते. दोघं पायीच जनावरांच्या दवाखान्याकडे निघाले होते. तो तास मी घेतला. पदार्थविज्ञानाच्या वर्गाला अर्थशास्त्र शिकवलं, मुलांना फरक पडला नाही.

संध्याकाळी मामा आमच्याच गाडीनं परतले. सर वाटभर बोलत होते. रोगाचे जंतू बहुतेक मेंढरांच्या आतड्यात असतातच. गप्प असतात. एकदम भरपूर कोवळा चारा पोटात गेला की ते माजतात आणि विष सोडतात. लंगड्या-म्हाताऱ्यांना चांगल्या गवतापर्यंत पोचताच येत नाही, म्हणून ती वाचतात. वस्तीपाशी आम्ही तिघंही उतरलो आणि सरांनी हे सगळं आबांना सांगितलं.

आबांनी नीट ऐकून घेतलं. "म्हंजी चांगलं चांगलं म्हनून ज्याला चारलं, तेच गेलं?"

"हो, आबा."

"मग भंडाऱ्याचा काय दोस न्हाई."

"भंडाऱ्याचा नाही," सर म्हणाले. "पण टोचायला सगळी न्या." पुढच्या पावसाळ्याआधी सगळ्या कळपाच्या पाठीवर गेरूही होता आणि भंडाराही. मामा पुन्हा खिडकीशी येऊ लागले आणि माझ्या डोक्याची कटकट पहिल्यासारखी सुरू झाली. मी कुणाला बोललो नाही, पण मला फार बरं वाटलं होतं.

सर निवृत्त झाले आणि थोड्याच वर्षांत गेले. झोपेतच. कशानं गेले ते नीटसं कळलं नाही, आणि हे त्यांना मुळीच चाललं नसतं.

बारावं झाल्यावर मामा दौंडला सरांच्या घरी आले. मीही तिथंच होतो. ओसरीवर भिंतीला टेकून ते बसले. वहिनींनी आणलेला चहा निवून गेला.

"त्यास्नी एक इचारायचं व्हतं," शेवटी मामा म्हणाले. "आता कुनाला इचारू?"

वहिनी उंबऱ्यात बसल्या. "मला विचारा. मला येणार नाही. पण विचारा."

मामांनी डोळे पुसले. "बाई, थंडीत पहाटं आमच्या उसावर धुकं बसतं. वर माळाला मातर न्हाई. असं का व्हत आसंल?"

"केवढं उंच येतं हो ते?" वहिनींनी विचारलं. "उसाच्या शेंड्याएवढं, की त्याहून वर?"

मामा भिंतीचा टेका सोडून पुढे सरकले आणि हात वर करून दाखवू लागले.