कैरीच्या फोडीमागचं सायन्स

मित्रहो, मी ब्रह्मपुरीच्या कॉलेजात धर्म शिकवतो. आज मात्र मलाच शिकवलं गेलं.

वर्गात तिखट-मीठ लावलेल्या कैरीच्या फोडी वाटल्या. धानोऱ्याकडची सुनीता घेईना. तिच्या गावात नवा आंबा आधी पूर्वजांना देतात, मगच स्वतः खातात.

मी लगेच रीलवाल्यांसारखा सुरू झालो, "बघा, यामागं सायन्स आहे! तोवर फळ झाडावर नीट तयार होतं."

"असंल सर," ती म्हणाली. "पण केबिनमधी तुम्ही आईच्या फोटोले रोज फूल वाहता. त्याचं सायन्स कोणी विचारते काय?"

 

तिनं न मागता मी तिच्या श्रद्धेला सायन्सचं सर्टिफिकेट देत होतो. माझ्या फुलाकडे ते मी कधीच मागितलं नाही. तुम्ही ते कुणाकुणाच्या श्रद्धेकडे मागता?