बारा मिनिटं तो जमिनीवर होता

शिकाऊ वैमानिकांच्या एका लहान प्रशिक्षण केंद्रात मी उड्डाणांच्या नोंदी तपासते. विमान मला उडवता येत नाही आणि शिकायची हौसही नाही. आमची धावपट्टी कन्हान गावाच्या पलीकडे आहे. मे महिन्यात पहिलं उड्डाण सहाला असतं, म्हणून मी शहरातल्या प्रताप नगरातून पावणेपाचलाच निघते. दहानंतर तापलेल्या जमिनीवरून हवा अशी उसळते की आमची दोन सीटांची विमानं पत्र्याच्या डब्यासारखी हलतात. मग उड्डाणं बंद.

त्या दिवशी मुख्य प्रशिक्षक दुपारी महिनाभराच्या रजेवर जाणार होते. आमच्या सहायक प्रशिक्षकाचा बढतीचा अर्ज त्यांच्या सहीसाठी ठेवला होता. शिकवण्याचे ठरलेले तास त्याने भरले होते, वर पाच मिनिटं जास्तच. आज सही झाली नाही, तर महिना गेला.

सकाळी आठला मी त्याची उड्डाणांची वही शेवटची तपासायला घेतली. विमानाच्या रजिस्टरशी जुळत होती, तो शिकवत असलेल्या विद्यार्थिनीच्या वहीशीही. पण मागच्या आठवड्यातल्या एका ओळीवर मी अडकले. त्या सकाळी वीज गेली होती आणि मी बाहेर कडुनिंबाखाली बसले होते.

मी त्याला बोलावलं. “काहून गा, या दिवशी तू पूर्ण वेळ विमानात होता?”

“होतो ना ताई. लिहिलं आहे ना.”

“मग त्या वेळी कडुनिंबाखाली बसून माझ्या डब्यातलं खरबूज कोणी खाल्लं?”

तो म्हणाला, “मी मधातच विमानातून उतरलो होतो. पण इंजिन बंदच नाही झालं ना. एकच ओळ धरली मी.”

ही चूक शिकवण्याच्या उड्डाणातच होऊ शकते. विद्यार्थिनी ठीक उडवते आहे असं पाहून प्रशिक्षक बाजूला उतरतो, ती एकटी दोन फेऱ्या मारते, आणि तोवर इंजिन चालूच असतं. रजिस्टरात सगळं एकच उड्डाण दिसतं. पण ती एकटी असताना गेलेला वेळ तिचा. प्रशिक्षक खालून पाहत असो की रेडिओवर सांगत असो, त्याच्या वहीत त्यातलं एक मिनिटही चढत नाही.

“बाराच मिनिटांचा तर सवाल आहे ताई.”

“बारा गेली की तुले सात कमी पडतात.”

दारात उभा असलेला मेकॅनिक म्हणाला, “खरबुजाचे तास नाही भेटत गा.”

मुख्य प्रशिक्षकांनी वही पाहिली आणि नकारार्थी मान हलवली. सहायक म्हणाला, “सर, मी आत्ताच एक चक्कर मारून येतो.”

“एकटा? मग शिकवलंस कुणाला?”

ती विद्यार्थिनी कन्हानलाच राहते. मी फोन केला आणि वीस मिनिटांत ती स्कूटीवर आली. आधी दोन्ही वह्या दुरुस्त केल्या. चुकीच्या आकड्यावर एक सरळ रेघ, वर बरोबर आकडा, बाजूला सही. खोडरबर, व्हाइटनर चालत नाही.

ती वाकून बघत होती. “म्हणजे माझी मिनिटं तुमच्या वहीत होती, सर?”

“चुकून गेली वं.”

“चुकूनच जातात.”

मुख्य प्रशिक्षक बाहेर जाऊन वारा पाहून आले. “नुसतं फिरवून आणू नको. आडवा वारा आहे, त्यात उतरायला शिकव. साडेनऊला खाली पाहिजेस.”

मी खिडकीतून पाहत होते. पहिल्यांदा विमान तिरपं आलं आणि न टेकताच परत वर गेलं. दुसऱ्यांदा टेकलं, पण असं आपटलं की मेकॅनिक चहा ठेवून बाहेर गेला. तिसऱ्यांदा आधी एक चाक लागलं, मग दुसरं, आणि ते सरळ रेषेत धावत आलं. मेकॅनिकने कप पुन्हा उचलला.

पस्तीस मिनिटं झाली. तिन्ही नोंदी, म्हणजे दोन वह्या आणि रजिस्टर, मी दोनदा जुळवून पाहिल्या. मुख्य प्रशिक्षकांचं सामान गाडीत गेलं होतं. त्यांनी गाडीच्या बॉनेटवर अर्ज ठेवून सही केली. बॉनेट तापलं होतं, म्हणून माझं रजिस्टर खाली घेतलं. सहायक हात मागे बांधून उभा होता. कागद हातात आल्यावर त्याने तो दोनदा वाचला.

विद्यार्थिनीला घाई होती. “सर, उद्या किती वाजता?”

“सहाले ये,” तो म्हणाला. “वारा असला तरी ये.”